टेपचं शेपूट

ह्या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी मानधनाचं विचारलंच नाही. बायको बाजूला शेंगा निवडत बसली होती. ती उठून माझ्या कपाळाला हात लावून गेली. कारण मी भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेत नाही, आणि भाव ठरल्यावर वर चार मिरच्या मागतो. संपादकांना मी एकच अट घातली: लेखाचा शेवट कापायचा नाही.

ते म्हणाले, "जागेप्रमाणे थोडी काटछाट करावी लागते हो."

"करा की. वरून करा."

त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, हे लेख संपेपर्यंत त्यांनाही कळेल.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. आर्वीत बसस्टँडपासून थोडं आत माझं दुकान आहे. आता मुलगा चालवतो. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकाला आधी चढा भाव सांगतो, म्हणजे पोराला उतरवायला जागा राहते. सुरुवात मात्र दुसऱ्याच्या दुकानात भोंगे वाहण्यापासून झाली. भोंगा म्हणजे झाडावर बांधतात तो कर्णा. सायकलच्या कॅरिअरला एक, खांद्यावर एक, आणि पुढे हँडलला वायरची वेटोळी, असा मी ह्या तालुक्यातलं गाव न् गाव फिरलो आहे. कोणी शिकवलं नाही. शॉक बसला की कळायचं, ही वायर नव्हे.

लोक म्हणतात नामाभाऊ भांडखोर आहे. ते खरं नाही. मी भांडत नाही, मोठ्यानं समजावतो. चाळीस भोंग्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस हळू बोलणार कुठून?

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. ह्या धंद्यात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं असतात. लग्नाचं गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, आवाज पार नाल्यापलीकडे गेला पाह्यजे." शास्त्रीय गाण्याच्या बैठकीचं गिऱ्हाईक म्हणतं, "माइक आहे असं वाटता कामा नये." पहिल्याला माइक लावून दिला की झालं. दुसऱ्यासाठी माइक लावून लपवावा लागतो. गायक मान हलवतो, हात फिरवतो, तान घेताना तोंड तबल्याकडे नेतो. म्हणून माइक तोंडासमोर नाही, हनुवटीच्या खाली, थोडा दूर ठेवायचा. भोंगे घरी ठेवायचे, लाकडी पेटीचे स्पीकर न्यायचे. स्पीकरमधून 'हूं' असा आवाज आला तर तंबोऱ्याचं वाटोळं होतं. त्यासाठी जमिनीत सळई ठोकून तिच्याभोवती बादलीभर पाणी ओतायचं आणि वायर तिला गुंडाळायची. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे, एकदा गाणं सुरू झालं की बटणांना हात लावायचा नाही. माझ्यासारख्याला ते फार जड गेलं.

ह्या कामात एक दुःख आहे. काम बिघडलं की सगळा मांडव मागे वळून तुमच्याकडे पाहतो. काम चांगलं झालं की कोणाला कळतच नाही. गाणाऱ्याला हार, तबलजीला नारळ, पेटीवाल्याला शाल, आणि माइकवाल्याला 'भाऊ, सतरंजी उचलू लागा.' इतक्या वर्षांत एका मोठ्या कलावंतानं भर मैफलीत, माइकवरून, माझ्या कामाचं कौतुक केलं ते एकदाच. आणि तेच एक आख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी मान्य करायला तयार नव्हतं. ही माझी तक्रार. तिच्यासाठीच हा लेख आहे.

ती मैफल हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्यांच्या आवारात झाली होती. हंगाम संपलेला, कापसाचे ढीग गेलेले, त्या मोकळ्या जागेत मांडव घालून सकाळची बैठक. गाणाऱ्या बाई बनारसकडच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. का, ते सांगतो. मी यंत्राला टेपरेकॉर्डर जोडलेला त्यांनी पाहिला होता. आता त्या बंद करायला लावणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "रख लो. आपस में सुनना, बेचना मत." तेव्हापासून ती टेप आम्ही आपसातच ऐकत आलो आणि नाव कधी छापलं नाही. आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो.

त्या एका वाक्यावर आमच्या जिल्ह्यात एक आख्खा व्यवहार उभा राहिला. विकायचं नाही म्हटल्यावर बदली आली. तुम्ही मला तोडी द्या, मी तुम्हाला जौनपुरी देतो. रेडिओवरून उतरवलेल्या दोन टेपा दिल्या की खासगी मैफलीची एक मिळायची. तीही स्वच्छ असेल तर. मागे कुत्रं भुंकत असेल तर भाव कमी. टेपवरून टेप उतरवायची दोन यंत्रं माझ्याकडे होती, त्यामुळे सगळे रसिक माझ्या दुकानात यायचे आणि घासाघीस माझ्या टेबलावर व्हायची. कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात ना, ते लोक ह्यांच्यापुढे साधे म्हणायचे.

नग एकेक होते. एक गृहस्थ टेप घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यातला तबला तेवढा काढून द्या. माझं त्या तबलजीशी वाकडं आहे." दुसरे होते, त्यांना सकाळचा राग संध्याकाळी ऐकणं पाप वाटायचं. पण नोकरी अशी की सकाळी घरी नसायचे. मग ते दुपारी झोपायचे, संध्याकाळी उठून दात घासायचे, चहा घ्यायचे आणि भैरव लावायचे. त्यांची बायको मला रस्त्यात दिसली की तोंड फिरवायची.

आणि टेपचं शेपूट कापायची रीत. ती नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. कोरी कॅसेट महाग. एका बाजूला तिची लांबी ठरलेली. गाणं संपल्यावर टाळ्या, हार, आभार, 'चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये', ह्यात निम्मी पट्टी खाऊन जायची. म्हणून शेवटचा सूर थांबला रे थांबला की बटण दाबायचं. ही रीत आमच्याकडे इतकी अंगात मुरली की काही रसिक समोर बसून प्रत्यक्ष गाणं ऐकतानाही शेवटच्या समेला अंगठा दाबायचे. कापायची दुसरी रीत वर्ध्याच्या वकीलसाहेबांची. ते टेप देताना शेवटचा थोडा भाग मुद्दाम ठेवून घ्यायचे. पूर्ण टेप फक्त त्यांच्याकडे. त्यांच्याकडून घेतलेला द्रुत ख्याल ऐकणं म्हणजे भरधाव एसटीतून मध्येच उतरवल्यासारखं.

आता आमच्या रविवारच्या बैठकीकडे येतो. आर्वीत फुलझेले साहेबांच्या घरी ती भरते. साहेब पोस्टातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलायला मऊ आणि बोचायला बारीक. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक रेकॉर्डिंग आणायचं, सगळ्यांनी ऐकायचं, मधे बोलायचं नाही, अशी पद्धत. आता टेपा गेल्या, सगळं फोनमध्ये आलं, स्पीकर तेवढा माझा. बैठकीचे कारभारी धांदे सर, शाळेतून निवृत्त. सरांनी सगळ्यांच्या जुन्या टेपा संगणकावर चढवल्या आणि प्रत्येकीला एक टिपण जोडलं: गायन कोणाचं, साथ कोणाची, मैफल कुठली.

बाईंच्या टेपचं टिपण त्यांनी वाचून दाखवलं, तेव्हा मी म्हटलं, "एक ओळ राह्यली. ध्वनिव्यवस्था, नामदेवराव, आर्वी. बाईंनी स्वतः माइकवरून वाखाणलेली."

सर म्हणाले, "नामाभाऊ, पहिली अर्धी ओळ लिहितो. दुसरी टेपमध्ये नाही."

"टेपमध्ये नाही, कारण तुम्ही बटण दाबलं." खरंच, त्या दिवशी टेपरेकॉर्डरपाशी तरुण धांदे सरच बसले होते. मी मांडवाच्या मागच्या बाजूला होतो.

"बटण दाबायला कोणी शिकवलं?"

"शिकवलं म्हणून काय बाई बोलत असताना दाबायचं?"

"बाई गात होत्या तोवर दाबलं नाही. त्यानंतर त्या काय बोलल्या, मला आठवत नाही. मी कॅसेटवर राग लिहीत होतो."

फुलझेले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "नामाभाऊ, बाई नेमकं काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'माइक बहुत अच्छा लगाया है.' अक्षर न् अक्षर पाठ हाय."

"आम्हालाही पाठ आहे. दर दिवाळीला ऐकतो. पण टिपणात ऐकीव लिहायचं नाही, हा आपला नियम."

सगळे हसले. मी थोडं मोठ्यानं समजावलं. साहेबांच्या सूनबाई आतून पाणी घेऊन आल्या. मग मी स्पीकर उचलला आणि घरी आलो. बैठक त्या दिवशी फोनच्याच आवाजावर झाली, असं नंतर समजलं. बरं झालं.

पण डोक्यात एक गोष्ट बसली. टेपा काही माझ्या एकट्याच्याच यंत्रावर झाल्या नसतील. दुसऱ्या कोणाकडे शेपूट असेल तर? मी थेट वर्ध्याला वकीलसाहेबांकडे गेलो. ते त्या मैफलीला हजर होते. आता कानाला यंत्र लावतात, पण घासाघिशीचे शब्द बरोबर ऐकू येतात. मी त्यांना माझ्याजवळचा एक मारवा दाखवला. ते म्हणाले, हा माझ्याकडे आहे. मी म्हटलं, तुमच्याकडचा अर्धा आहे, कारण तुम्हाला तो ज्यानं दिला तो तुमच्याच हाताखाली शिकलेला. म्हातारा खूश झाला. मारवा घेतला आणि बोलता झाला.

"बाई बोलल्या होत्या काहीतरी. लोक हसले होते, एवढं आठवते."

"आनंदानं हसले असतील."

"असतीलही." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "टेप माझ्याजवळ नाही. पण बायकांच्या बाजूला खिडकीत एक टेप ठेवलेला होता. त्या जिनातल्या दिवाणजींची पोर, विमल. मीच तिला म्हटलं होतं, इथून आवाज येणार नाही. ती म्हणाली, येईन तेवढा येईन. नाचणगावला दिली तिला."

ह्याचं महत्त्व तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. परतीच्या एसटीत आलं. जिल्ह्यातल्या सगळ्या जाणकारांनी शेपूट कापलं होतं, कारण ते जाणकार होते. ज्या पोरीनं बटण दाबून टेप खिडकीत ठेवला आणि पोळ्या लाटायला निघून गेली, तिची टेप संपेपर्यंत फिरत राहिली असणार. मी इतकी वर्षं चुकीच्या माणसांशी घासाघीस करत होतो.

दोन दिवसांनी नाचणगाव गाठलं. विमलताई अंगणात तूर पाखडत होत्या. मी माझी ओळख सांगायला तोंड उघडलं, 'नमस्कार ताई' म्हटलं, तर त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुमीच का ते हिंगणघाटचे माइकवाले?"

मला बरं वाटलं. "तोंडावरून ओळखलं?"

"तोंड कुठी पाह्यलं होतं जी? आवाजावरून."

टेप त्यांच्याकडे होती. कपाटातून साडीच्या घडीतून काढून आणली. वाजत नव्हती. आतला कापसाचा छोटा गादीसारखा तुकडा पडलेला, पट्टी एका जागी चिकटलेली. त्यांचं यंत्र तर कधीच भंगारात गेलेलं. मी सौद्याला बसलो. एक नवा स्पीकर देतो म्हटलं. भजनांनी भरलेला पेनड्राइव्ह देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले काई नको."

धंद्यात सगळ्यांत धोक्याचं गिऱ्हाईक हेच. ज्याला काही नको, त्याला उतरवणार कुठून?

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक करा. हे दुरुस्त करा, अन् तुमची ते बैठक हाय ना, तिथी साऱ्यायसमोर वाजवा. मी येईन. पण पहिल्यापासून वाजवजा. मधात तोडायची नाई, शेवटी तोडायची नाई. खट्ट करून आपोआप बंद होईन तवापर्यंत."

"शेवटी काय आहे एवढं?"

"माही माय हाय त्याच्यात. गाणं झाल्यावर तिनं मले हाक मारली होती आतून. तिचा फोटो हाय आमच्या घरी. आवाज कुठीच नाई, याच्यातच हाय." त्या सूप पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या, "मोठ्या लोकायसमोर वाजली पाह्यजे. तुमची बाई तं साऱ्यायनं ऐकली. माही मायबी ऐका."

"मंजूर," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी माल न पाहता सौदा केला होता. त्याची शिक्षा घरी वाट पाहत होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, मी ती कॅसेट उघडली. चिकटलेली पट्टी फुंकर घालून सोडवली, दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवली, भोकात पेन घालून हळूहळू फिरवून ताण दिला. अशा कामात मला राग येत नाही, हे माझ्या बायकोला आजतागायत कोडं आहे. मग वाजवली. पलीकडे दूर कुठेतरी बाईंची भैरवी. मांडवाच्या मागून ऐकल्यासारखी, बारीक पण शुद्ध. आणि तिच्याहून कितीतरी जवळ, खिडकीला तोंड लावल्यासारखा एक माणूस.

"अबे गुलाब, दोरीले हात लावू नको म्हणलं ना? बाई गाऊन राह्यल्या अन् तू कनात काऊन सोडून राह्यला बे? तुह्या बापाचं लगन हाय का आज?"

गुलाब म्हणजे मांडववाला. तो म्हणतो, "लगनच हाय भाऊ. बापाचं नाई, पाटलाच्या पोराचं. संध्याकाळी मांडव तिथी उभा पाह्यजे."

"पाटलाले सांग, पोराले म्हणा थांब. आधी भैरवी होऊ दे. त्याच खांबाले माहा स्पीकर बांधला हाय, खांब हालला तं तुले हालवीन."

मला आठवलं. कनातीची दोरी, तिचा खांब, खांबाला बांधलेली पेटी. तो खांब मी छातीनं दाबून धरला होता. माझ्या समजुतीप्रमाणे मी तेव्हा दबक्या आवाजात बोललो होतो.

स्वयंपाकघरातून बायको आली. "आता कोणासंग लागलं? फोनवर तरी हळू बोलत जा."

"फोन नाही. टेप आहे. माझ्या तरुणपणची."

ती ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "मले तं कालचंच वाटलं."

तेवढ्यात टेपमधली भैरवी समेवर आली, टाळ्या पडल्या, आणि बाईंचा बोलका आवाज स्पीकरमधून स्वच्छ उमटला. "माइक बहुत अच्छा लगाया है."

मी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा पुरावा. पण बाई थांबल्या नव्हत्या. जरासा श्वास, आणि मग हसऱ्या आवाजात: "और लगानेवाले को तो माइक की ज़रूरत ही नहीं."

सगळा मांडव खो खो हसला. वकीलसाहेबांनी सांगितलेलं हसणं ते हे. मी मात्र पहिल्या वाक्यानंतर पुन्हा गुलाबकडे वळलो होतो. दुसरं वाक्य मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं, हे टेपमध्येही कळतं. हसण्याच्या मधोमध माझा आवाज चालूच आहे: "हसतो काय बे, खांब धर."

बायको दाराला धरून खाली बसली. तिचं हसणं ओसरायला बराच वेळ लागला.

आता माझी अवस्था समजून घ्या. हवं होतं ते पहिलं वाक्य हातात, आणि त्याला चिकटून दुसरं. दोन्हींमध्ये एक श्वास. मी आयुष्यभर टेपा कापल्या आहेत. संगणकावर तर ते काम पोरखेळ. दुसरं वाक्य आणि हसणं उडवायचं, पुढे विमलताईंच्या आईची हाक जोडायची. ताईंनी टेप वर्षानुवर्षं ऐकलेली नाही. त्यांना आईच्या हाकेपलीकडे काय आठवणार? बायकोलाही तेच वाटलं. डोळे पुसत म्हणाली, "तोडून टाका. कोणाले समजते?"

मी संगणकावर ती जागा धरली. पडद्यावर आवाजाच्या रेषा दिसतात. बाईंचं पहिलं वाक्य लहानशी टेकडी, दुसरं तेवढीच टेकडी, आणि माझा आवाज म्हणजे सातपुडा. मग संगणक बंद केला. मी साधू नाही. पण मी शब्द दिला होता: मधात तोडायची नाही. माल न पाहता घेतला, ही चूक माझी. मागून माप मारणं हा धंदा नव्हे. सौदा झाला की झाला.

रविवारी विमलताई एसटीनं आल्या. नवं लुगडं नेसून, पिशवीत बैठकीसाठी गुळपापडीचा डबा. सगळ्यांच्या पुढे त्यांना बसवलं. मी फोनवर नाही, कॅसेटवरच वाजवली, जुनं यंत्र घेऊन गेलो होतो. भैरवीत माझा सातपुडा सुरू झाला तशी लोकांच्या माना खाली गेल्या. फुलझेले साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. बैठकीत बोलायचं नाही हा नियम, हसण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. शेवटच्या समेला धांदे सरांचा हात सवयीनं यंत्राकडे गेला. मी नुसतं पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला.

मग बाई बोलल्या. दोन्ही वाक्यं. टेपमधला मांडव हसला आणि साहेबांची खोली त्याच्याहून जास्त हसली. सर तर भिंतीला टेकून हसत होते. मी यंत्रावर डोळे ठेवून बसलो.

हसणं संपता संपता टेपमध्ये भांडी वाजली. कोणीतरी पाटा ओढला. आणि खिडकीच्या अगदी आतून, घाईतला, प्रेमळ, जरासा घोगरा आवाज आला. "विमल, ओ विमल. कुठी गेली वं? पोळ्या झाकल्या का? चाल, दोन घास खाऊन घे आधी, मंग वाढजो लोकायले."



विमलताई मान न उचलता हळूच म्हणाल्या, "हो माय, आली."

पट्टी थोडा वेळ नुसती फिरत राहिली. मग खट्ट झालं.

कोणी काही बोललं नाही. इतक्या वर्षांत एवढी चांगली दाद मी कोणत्याच गाण्याला पाहिली नाही. गुळपापडीचा डबा फिरला तेव्हा धांदे सर म्हणाले, "नामाभाऊ, टिपण मी सुधारतो. बाईंचे शब्द जसेच्या तसे."

"दोन्ही?"

"दोन्ही. टेपमध्ये आहे ते लिहायचं."

मी म्हटलं, लिहा, आणि टेपची संगणकावरची प्रतही त्यांना दिली. निदान पहिलं वाक्य तर कागदावर येईल. घरी येताना मी स्पीकर उचलून नेला, पण रागानं नाही.

इथे लेख संपला असता. पण चार दिवसांनी मी बसस्टँडवर चहा घेत होतो, आणि टपरीवाल्याच्या फोनमधून बाईंचा आवाज आला. "लगानेवाले को तो माइक की ज़रूरत ही नहीं." मागे हसणं, आणि त्यात मी: "हसतो काय बे, खांब धर." टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चहात साखर जास्त घातली. संध्याकाळपर्यंत कळलं की ते आर्वीतच नाही, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे फिरतं आहे. एका मांडववाल्यानं तर फोनची रिंग म्हणून ठेवलं आहे. गुलाबचा नातू, दुसरा कोण?

पहिलं वाक्य कुठेच नव्हतं.

मी धांदे सरांकडे गेलो. वाटेत काय काय समजावायचं ते ठरवलं होतं. फुलझेले साहेब तिथेच बसले होते. सर शांतपणे म्हणाले, "गाणं नाही, नुसतं बोलणं आहे, म्हणून बाईंचा शब्द मोडत नाही असं वाटलं. ग्रुपवर टाकलं, पुढे गेलं. सुरुवातीला टाळ्यांचा गोंगाट होता, पहिलं वाक्य त्यात बुडत होतं. तेवढं काढलं."

"तेवढंच काऊन काढलं? तेवढ्यासाठी मी वर्ध्याले गेलतो, नाचणगावले गेलतो."

"स्वच्छ भाग ठेवला."

साहेब म्हणाले, "नामाभाऊ, रीत तर तुमचीच. कामाचं तेवढं ठेवायचं, पट्टी वाया घालवायची नाही."

मी उत्तर दिलं. ते उत्तर पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असं लोक सांगतात.

नाचणगावला फोन केला. विमलताई तरी माझ्या बाजूच्या असतील असं वाटलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माह्या मायचं तोडलं का?"

"नाही. ते मूळ टेपमध्ये जसंच्या तसं आहे."

"मंग झालं तं. तुमचं काय जी, तुमचा आवाज आमच्या नाचणगावात माइक नसला तरी येते."

म्हणून हा लेख. जिल्हाभर फिरलं ते फिरलं, पण छापलेल्या कागदावर तरी बाईंचं बोलणं पूर्ण असावं. वाक्यं दोन आहेत. 'माइक बहुत अच्छा लगाया है.' हे पहिलं. दुसरं तुम्ही फोनवर ऐकलंच असेल. दोन्ही छापावीत, ह्याच क्रमानं. संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी माझ्या भोंग्यांचं कापावं, वकीलसाहेबांचं कापावं, माझा स्वभाव कापावा. शेपटाला हात लावू नये. लावलाच, तर मी येऊन समजावीन.